व्हिडिओ आर्ट दाखवायचं कसं? एक छोटं दालन, एक पॅसेज, तीन कामं

पडदापुराण

तालुक्याच्या गावातल्या एका कलादालनात दहा दिवसांचं व्हिडिओ आर्टचं प्रदर्शन ठरतंय. चित्रांची प्रदर्शनं तिथे नेहमी होतात. व्हिडिओ पहिल्यांदाच, त्यामुळे यंत्रसामग्री शून्य. दालन २० बाय १५ फूट, उंची १० फूट, पश्चिमेला मोठी खिडकी. बाहेर ८ फूट रुंद आणि साधारण ३० फूट लांब पॅसेज.

कामं तीन:

अ) एका पडद्याचं, ११ मिनिटं, १०८० (फुल एचडी, १९२० बाय १०८० पिक्सेल), सेकंदाला २५ फ्रेम. बहुतेक दृश्यं रात्रीची, काळोखी.
ब) तीन पडद्यांचं, १८ मिनिटं. एका पडद्यावरचा माणूस दुसऱ्या पडद्यावरच्याला उत्तर देतो, त्यामुळे वेळ चुकून चालणार नाही.
क) २००३ चं, मिनी-डीव्ही टेपवरचं (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांची छोटी कॅसेट), ४:३ आकाराचं.

शेवटच्या दिवशी गच्चीवर एक जाहीर खेळ आणि नंतर काही काळ जालावर (इंटरनेटवर), असा बेत आहे. बजेट भाड्याचा प्रोजेक्टर आणि दोन-तीन टीव्ही एवढंच. जाणकारांनी अगदी आकड्यांत सांगावं.

---

लक्स_लुमेन

अ पासून सुरुवात करतो. बाकीचं इतर लोक सांगतीलच.

दालनात १५ फुटी भिंतीवर चित्र ८ फूट रुंद ठेवा. १६:९ मध्ये उंची साडेचार फूट होते. त्याहून मोठं करायचा मोह होईल, पण २० फुटांच्या खोलीत बघणाऱ्याला मागे सरकायला जागा उरत नाही.

प्रोजेक्टर भाड्याने घेताना पहिला प्रश्न थ्रो रेशोचा. अंतर भागिले चित्राची रुंदी म्हणजे थ्रो रेशो. १.५ रेशोच्या यंत्राला ८ फुटी चित्रासाठी १२ फूट लागतात. यंत्राची लांबी आणि मागे हवा खेळायला फूटभर धरा, १४ फुटांत बसतं. काही भाड्याच्या यंत्रांचा रेशो २ च्या आसपास असतो. तेव्हा तेच चित्र १६ फुटांवरून पडेल आणि प्रोजेक्टर मागच्या भिंतीला चिकटेल. म्हणून 'एचडी प्रोजेक्टर पाहिजे' एवढंच सांगून ऑर्डर देऊ नका, मॉडेल नंबर मागा.

दुसरं, सावली. चित्राची खालची कड जमिनीपासून ३ फूट आणि लेन्स साधारण सव्वाआठ फुटांवर धरली, तर साडेपाच फूट उंचीचा माणूस भिंतीपासून पावणेसहा फुटांच्या आत आला की त्याचं डोकं चित्रात येतं. त्या रेषेवर जमिनीला टेप मारा किंवा बाक ठेवा. टेपपेक्षा बाक बरा. लोक टेप ओलांडतात, बाकावर बसतात.

तिसरं, कीस्टोन, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र यंत्राकडूनच चौकोनी करून घ्यायची सोय. लेन्स-शिफ्ट (यंत्र न हलवता चित्र वरखाली सरकवायची सोय) नसेल तर पाइप वरखाली करून यंत्र योग्य उंचीवर आणा, पण कीस्टोनचं बटण दाबू नका. त्याने चित्र सरळ दिसतं खरं, पण पिक्सेल ओढूनताणून बसवलेले असतात. बारीक रेघा आणि सबटायटल आधी खराब होतात.

आता उजेड. ८ बाय साडेचार म्हणजे ३६ चौरस फूट, साधारण ३.३४ चौरस मीटर. लुमेन म्हणजे यंत्रातून निघणारा एकूण उजेड, लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारा. ३००० लुमेनचं यंत्र असेल तर भिंतीवर सुमारे ९०० लक्स. चित्रपटगृहाच्या पडद्यापेक्षा हे कितीतरी जास्त. म्हणजे तुमचा खरा प्रश्न लुमेनचा नाहीच, काळ्याचा आहे. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. भिंतीवर बाहेरून जेवढा उजेड पडतो तेवढाच तुमचा काळा. बाहेरचा उजेड २० लक्स असेल तर पांढरा ९२०, काळा २०, गुणोत्तर ४६ ला १. रात्रीची दृश्यं यात करडी दिसणार. हेच २ लक्सवर आणलं तर आकडा ४५० च्या वर जातो, मग यंत्राची स्वतःची मर्यादा आड येते. मोबाइलवरचं लक्स मोजायचं ॲप एवढ्यापुरतं पुरेसं आहे. पडद्याच्या भिंतीशी फोन धरून, प्रोजेक्टर बंद ठेवून, दुपारी चारला मोजा. पश्चिमेची खिडकी आहे म्हणून चारला.

काळं मांजरपाट एका थराने भागत नाही, उन्हात जाळीसारखं दिसतं. ब्लॅकआउटचं कापड घ्या. आणि पडद्याच्या समोरची भिंत व छत पांढरं असेल तर चित्राचाच उजेड परतून काळ्यावर पडतो. निदान बाजूच्या भिंतींचा पहिला चार-पाच फुटांचा पट्टा काळ्या कापडाने झाका. खर्च कमी, फरक मोठा.

---

बाकरवडी

एवढा खटाटोप कशाला? यूट्यूबवर टाका, दारात क्यूआर चिकटवा. लोक घरी पंख्याखाली बघतील.

---

मधली_फ्रेम

@बाकरवडी, गमतीत म्हणालात तरी प्रश्न जुनाच आहे. चित्रपटकार गेरी शुमने १९६९ मध्ये जर्मनीत 'टेलिव्हिजन गॅलरी' काढली आणि 'लँड आर्ट' हा कार्यक्रम थेट दूरदर्शनवर दाखवला. दालन नको, विक्री नको, प्रक्षेपण हेच प्रदर्शन. म्हणजे दालनाबाहेर पडायची धडपड या माध्यमाच्या जन्मापासूनची आहे. आपल्याकडे कलाकार शैना आनंद यांनी २००६ मध्ये दिल्लीच्या खिडकी भागात 'खिडकीयां' केलं. साधे टीव्ही, स्वस्त सीसीटीव्ही कॅमेरे आणि केबल टाकून वस्तीतल्या ठिकाणांना एकमेकांशी जोडलं. तिथे बघणारा तोच दिसणारा होता. ते यूट्यूबवर टाकलं तर फक्त त्याची नोंद उरते.

उलट बाजूही आहे. चित्रकार नलिनी मालानींनी आयपॅडवर काढलेली ॲनिमेशन्स इन्स्टाग्रामवर येत होती. तीच पुढे 'कॅन यू हिअर मी?' मध्ये अनेक प्रोजेक्टरांनी भिंतीभर पसरली. ती दोन्हीकडे जगतात. पण त्यांच्याच 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग'मध्ये, १९९८, पत्र्याच्या ट्रंकांमध्ये मॉनिटर ठेवलेले होते. ट्रंक काढून घेतली की काम अर्धं होतं. चित्रकार रणबीर कालेकांचं ईझलवरच्या रंगवलेल्या चित्रावर पडणारं प्रोजेक्शन तर फोनवर दाखवताच येत नाही, कारण ज्यावर उजेड पडतो तो रंग समोर असावा लागतो.

म्हणून @पडदापुराण, यंत्रं ठरवण्याआधी प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारा. सुरुवात-शेवट आहे की कुठूनही शिरलं तरी चालतं? बघणारा बसलेला की फिरता? आणि पडदा बदलला तर काय हरवतं? ११ मिनिटांच्या कामाला जर गोष्टीसारखा शेवट असेल, तर ते दिवसभर फिरवत ठेवून लोकांना सातव्या मिनिटाला आत सोडणं हा त्या कामावर अन्यायच. तेव्हा दर १५ मिनिटांनी खेळ लावा, चार मिनिटं मंद दिवा, दारावर 'पुढचा खेळ ४.१५ ला' अशी पाटी. चक्राकार काम असेल तर पाटीवर फक्त लांबी लिहा. किती वेळ द्यायचा हे कळलं की माणूस थांबतो. काहीच लिहिलं नाही तर बहुतेक जण डोकावून निघून जातात.

---

रिमोटकुठाय

टीव्हीवर दाखवणाऱ्यांसाठी. पेनड्राइव्ह खोचून 'रिपीट' दाबणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग. काय काय होतं ते असं:

फाइल संपून पुन्हा सुरू होताना एक-दोन सेकंद काळं. त्यावर फाइलचं नाव आणि प्लेचं चिन्ह, 'फायनल_फायनल_३' वगैरे. चार तास रिमोटला हात लागला नाही की अनेक घरगुती टीव्ही आपोआप बंद होतात. वीज जाऊन आली की टीव्ही होम स्क्रीनवर उभा, जाहिरातींसकट.

टीव्हीच वापरायचा असेल तर मेनूत जाऊन मोशन स्मूदिंग (टीव्हीने मधल्या फ्रेम स्वतः घालणं) बंद, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (दृश्यागणिक उजेड बदलणं) बंद, ऊर्जा बचत बंद, ओव्हरस्कॅन (कडा कापणं) बंद, एचडीएमआय-सीईसी (जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना चालू-बंद करणं) बंद, आपोआप बंद होण्याची वेळ 'कधीच नाही'. काही टीव्हींत हॉटेल मोड असतो. त्यात चालू होताच कुठला इनपुट आणि किती आवाज हे कायम करता येतं. तो शोधा.

पेनड्राइव्हशिवाय इलाजच नसेल तर तेच काम एका फाइलमध्ये वीस वेळा लागोपाठ जोडा. ११ मिनिटं २० एमबीपीएसने (सेकंदाला २० मेगाबिट) साधारण १.६५ जीबी, वीस वेळा ३३ जीबी. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा, फॅट३२ मध्ये ४ जीबीच्या वरची फाइल मावत नाही. टीव्ही एक्सफॅट वाचतो का हे आधी बघा. म्हणजे चिन्ह दर ११ मिनिटांऐवजी साधारण पावणेचार तासांनी एकदा येईल. जुगाडच आहे, पण उद्घाटनाच्या भाषणापुरती लाज राखतो.

---

पंचवीस_फ्रेम

वरच्या सगळ्यात एक गोष्ट राहिली, आणि आपल्याकडच्या बहुतेक प्रदर्शनांत तीच बिघडलेली दिसते. काम २५ फ्रेमचं, प्लेअर किंवा लॅपटॉपचं आउटपुट ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. साठाला पंचवीसने भाग जात नाही. मग काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा, आणि कॅमेरा आडवा सरकताना चित्र अडखळतं. लोक म्हणतात 'फाइल जड आहे, अडकतेय'. फाइल ठीक असते. आउटपुट ५० हर्ट्झ करा, अडखळणं जागच्या जागी थांबतं. भारतात विकले जाणारे बहुतेक टीव्ही ५० घेतात. संगणकाचे मॉनिटर पुष्कळदा घेत नाहीत, म्हणून टीव्हीऐवजी मॉनिटर उचलणार असाल तर आधी तपासा.

काळोख्या दृश्यांसाठी अजून एक. एचडीएमआयमध्ये आरजीबीची, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्यांची, दोन मापं असतात, पूर्ण ०–२५५ आणि मर्यादित १६–२३५. प्लेअर एक पाठवतो आणि प्रोजेक्टर दुसरं समजतो. एका बाजूने चुकलं तर काळं धुरकट, दुसऱ्या बाजूने चुकलं तर अंधारातले तपशील गिळले जातात. दोन्ही टोकांना 'ऑटो' ठेवू नका, हाताने एकच ठरवा. तपासायला काळ्या पार्श्वभूमीवर अगदी किंचित उजळ तीन-चार पट्ट्यांचं स्थिरचित्र बनवून ठेवा. सगळ्यात उजळ पट्टी दिसलीच पाहिजे, काळ्याखालची दिसता कामा नये.

आणि अंधारात दिसणारे जिन्यासारखे पट्टे: ८-बिट एच.२६४ ला (व्हिडिओ दाबून लहान करायची नेहमीची पद्धत) हळूहळू विरणारा अंधार झेपत नाही. प्लेअर घेत असेल तर त्याच्या पुढची पद्धत, १०-बिट एचईव्हीसी, ३० एमबीपीएस. घेत नसेल तर फाइल बनवण्याआधी अगदी बारीक ग्रेन (दाणेदारपणा) मिसळा, पट्टे मोडतात. मात्र ग्रेनला बिटरेट (सेकंदाला लागणारी माहिती) लागतो, तो कमी ठेवलात तर ग्रेनही जाईल आणि पट्टेही परत येतील.

---

पडदापुराण

हे सोनं आहे. ब बद्दल कुणी बोललंच नाही. पॅसेजमध्ये ४३ इंची तीन टीव्ही एका रांगेत लावायचा विचार आहे. तीन प्लेअर एकाच वेळी चालू केले तर?

---

तिहेरी_तार

नाही चालणार. तीन प्लेअर म्हणजे तीन घड्याळं. घड्याळाच्या स्वस्त क्रिस्टलमध्ये दहा लाखाला २० एवढा फरक सहज असतो. आठ तासांत तो ०.५८ सेकंद होतो, म्हणजे १४ फ्रेम. शिवाय प्रत्येक फेरीच्या सांध्यात प्रत्येकाची वेगळी दिरंगाई, ती साठत जाते. दुपारपर्यंत उत्तर आधी आणि प्रश्न नंतर.

मार्ग तीन, माझ्या पसंतीच्या क्रमाने.

पहिला: तिन्ही चित्रं एकाच फाइलमध्ये. ३८४० बाय २१६० च्या चौकटीचे चार भाग करा, प्रत्येकी १९२० बाय १०८०. तीन भागांत तीन चित्रं, चौथा काळा. एक प्लेअर, एक केबल, पुढे २ बाय २ चा व्हिडिओ वॉल कंट्रोलर (एक चित्र चार पडद्यांत वाटणारं यंत्र), त्यातून तीन टीव्हींना तीन तारा. एकच फाइल असल्यामुळे वेळ चुकायला जागाच नाही. ध्यानात ठेवायचं ते असं: स्वस्त कंट्रोलर ४के फक्त ३० हर्ट्झपर्यंत घेतात. तुमचं काम २५ चं, त्यामुळे २५ हर्ट्झ पाठवून भागतं. पण काही कंट्रोलर बाहेर मात्र कायम ६० च देतात, मग वर सांगितलेलं अडखळणं आलंच. 'आउटपुट १०८०-५०' स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं बघून मगच घ्या. बेझल करेक्शन (टीव्हीच्या चौकटीएवढं चित्र गाळणं) शून्य ठेवा, नाहीतर प्रत्येक चित्राच्या कडा कापल्या जातात. आणि तिन्ही टीव्ही एकाच मॉडेलचे. वेगवेगळ्या टीव्हींचं आतलं प्रोसेसिंग वेगळं असल्याने दोन-तीन फ्रेमचा फरक तिथेही पडतो. गेम मोडमध्ये तो कमी होतो.

दुसरा: नेटवर्कवर एकमेकांशी वेळ जुळवणारे प्लेअर. ब्राइटसाइनसारख्या यंत्रांत ही सोय आहे. तीन प्लेअर, एक साधा नेटवर्क स्विच, कॅट-६ च्या नेटवर्क तारा. वायफायवर नको. विश्वासार्ह, पण भाडं वाढतं.

तिसरा: एक संगणक, तीन आउटपुटचं ग्राफिक्स कार्ड, ५७६० बाय १०८० ची एक फाइल. इथे अडचण अशी की ग्राफिक्स कार्डावरचे एच.२६४ डिकोडर (फाइल उलगडणारे भाग) पुष्कळदा ४०९६ रुंदीपाशी थांबतात, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि फ्रेम गळतात. एचईव्हीसी करा. शिवाय संगणक म्हटला की अपडेटची खिडकी, झोपेत जाणं, माउसचा बाण हे सगळं सांभाळावं लागतं.

तारांबद्दल: ३० फुटी पॅसेजमध्ये शेवटच्या टीव्हीपर्यंत ३५ फूट तार सहज होईल. १०८० साठी चांगली साधी एचडीएमआय १० मीटरपर्यंत चालते. त्यापुढे कॅट-६ वरचा एक्स्टेंडर किंवा ऑप्टिकल एचडीएमआय. ऑप्टिकल तारेला दिशा असते. एका टोकाला 'सोर्स', दुसऱ्याला 'डिस्प्ले' छापलेलं असतं. भिंतीत पट्टी मारून झाल्यावर उलटी निघाली तर सगळं उकरावं लागतं.

---

ओलसर_बोर्ड

ब्राइटसाइन परवडत नसेल तर अ आणि क साठी रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक) वापरा. दहा दिवस मजेत चालतो.

---

रिमोटकुठाय

चालतो, पण अटी सांगा ना! एच.२६४ ची फाइल असेल तर पाय ४ घ्या, त्यात हार्डवेअर डिकोडर आहे. पाय ५ मध्ये एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर काढून टाकलाय, फक्त एचईव्हीसीचा आहे. १०८० तो प्रोसेसरवर ओढून नेतो, पण तापतो आणि पंखा वाजतो. अ सारख्या शांत कामात तो पंखा ऐकू येतो.

---

ओलसर_बोर्ड

मान्य. अजून दोन अटी. वीज गेली की एसडी कार्डावर अर्धवट लिहिलेलं राहून कार्ड बिघडतं, म्हणून सगळं बसवून झाल्यावर ओव्हरले फाइल सिस्टम चालू करा. मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही, धाडकन वीज गेली तरी चालतं. आणि टीव्ही बंद असताना पाय चालू झाला तर त्याला पडदा सापडत नाही आणि तो काहीच पाठवत नाही. एकतर हॉटप्लगची सक्ती करून ठेवा, म्हणजे पडदा जोडलेलाच आहे असं पाय धरून चालेल, किंवा मध्ये ईडीआयडी एम्युलेटर (पडदा असल्याचं भासवणारी डबी) लावा.

---

जुनीटेप

क साठी. मिनी-डीव्हीवर आधीच अंकीय माहिती असते, त्यामुळे 'डिजिटायझेशन' हा शब्द इथे फसवा आहे. कॅमेऱ्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांमधून घेऊ नका, तसं केलंत तर अंकीयचं ॲनालॉग करून परत अंकीय होतं. फायरवायरने (कॅमेऱ्याची अंकीय तार) जशीच्या तशी उतरवा. तासाला सुमारे १३ जीबी लागतात. टेप किमान दोनदा चालवा. एका फेरीत जिथे चौकोन फुटतात तिथे दुसऱ्या फेरीत पुष्कळदा शाबूत सापडतं. डीव्हीरेस्क्यू नावाचं मोफत साधन अशा फेऱ्यांतून चांगल्या फ्रेम निवडून एक प्रत बनवतं.

आधी टेपवर पांढुरका थर आहे का बघा. कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे कपाटात राहिलेल्या टेपला बुरशी धरते. तशी टेप डेकमध्ये घातली तर हेड घाण होतं आणि पुढच्या चांगल्या टेपलाही लागण. ती आधी साफ करून घ्यायला द्या.

ध्वनीत एक खोच आहे. डीव्ही कॅमेऱ्यांत १२-बिट ३२ किलोहर्ट्झ आणि १६-बिट ४८ किलोहर्ट्झ असे दोन पर्याय असत. संपादनाच्या प्रोजेक्टमध्ये चुकीचा गृहीत धरला की आवाज चित्रापासून सरकत जातो किंवा सूरच बदलतो.

चित्र ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड, पिक्सेल चौरस नसलेले. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं (फील्ड), प्रत्येकात एकाआड एक ओळी. २५ प्रोग्रेसिव्ह (पूर्ण चित्रांचं) केलंत तर अर्धी हालचाल फेकून दिलीत. बीडब्ल्यूडिफ किंवा क्यूटीजीएमसी या फिल्टरने ५० प्रोग्रेसिव्ह करा. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं. उलटं धरलं तर प्रत्येक हालचाल मागेपुढे थरथरते, ही चूक लगेच ओळखू येते. मग १४४० बाय १०८० पर्यंत वाढवा आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवा. १६:९ मध्ये ताणू नका, माणसं फुगतात. वर-खाली कापूही नका, २००३ च्या चौकटीला कात्री लावायचा अधिकार कलाकाराशिवाय कुणाला नाही.

याहून सोपा आणि सुंदर मार्ग म्हणजे जुना नळीचा टीव्ही. भंगारवाल्याकडे अजून मिळतात. त्याला इंटरलेस्ड सिग्नलच लागतो, ४:३ च असतो, काळा खरा काळा. पायला नळीच्या टीव्हीसाठी काँपोझिट (पिवळ्या तारेचं) आउटपुट असतं, पाल मोडवर (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) ठेवा. हा टीव्ही पॅसेजच्या टोकाला, लाकडी स्टुलावर. मात्र एक जास्तीचा हाताशी असू द्या, दिवसाचे आठ तास हे म्हातारे कितपत झेलतील सांगता येत नाही. आणि मागचं झाकण कुणीही उघडू नका. बंद केल्यावरही आत जीवघेणा व्होल्टेज राहतो.

---

कानोसा

आवाजाची व्यवस्था आत्ताच करा, उद्घाटनाच्या आदल्या रात्री नाही. दालनात अ, बाहेर ब आणि टोकाला क, म्हणजे तीन आवाज एकमेकांत घुसणार. माझी मांडणी अशी: अ ला दोन चांगले स्पीकर, पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर. ब ला टीव्हीचेच स्पीकर. प्रत्येक टीव्हीला त्याचाच ध्वनी देता आला तर संवाद तिन्हींतून आपापल्या जागेवरून येतील, तेच हवंय. फक्त १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, कारण भिंत ओलांडते ती घुमच. क ला हेडफोन, बंद कपांचे, दोन. ३.५ मिमीची पिन दिवसाला शंभर हिसके खाते, म्हणून तार स्टुलाला क्लिपने बांधा म्हणजे ताण पिनेवर येत नाही. जास्तीची जोडी ठेवाच.

दालनात टाळी वाजवून बघा. झणझण परत आली तर फरशीवर जाजम आणि मागच्या भिंतीला ५० मिमी रॉकवूलचे कापडबंद तक्ते, भिंतीपासून दोन इंच सोडून. बाकावर बसून ६५ डेसिबलच्या आसपास ठेवा. प्रोजेक्टरचा पंखा बाकाच्या थेट डोक्यावर येत नाही ना, हेही बघा.

प्रोजेक्टरमध्ये चित्राला उशीर होतो, आवाजाला होत नाही. ओठ आणि शब्द जुळत नसतील तर आवाज ४० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी मागे ढकला. २५ फ्रेममध्ये एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद.

ध्वनीच्या सांध्यात टक्क असा आवाज येत असेल तर तो एएसी या दाबलेल्या ध्वनीचा गुण आहे, एन्कोडर सुरुवातीला थोडी शांतता घालतो. प्लेअर घेत असेल तर पीसीएम (न दाबलेला) ध्वनी द्या.

---

वेलांटी

कुणी सबटायटलचं विचारलं नाही, तरी सांगते. मराठी सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये देऊन टीव्हीवर भरवसा ठेवू नका. चौकोन दिसतील, नाहीतर 'कि'ची वेलांटी भलतीकडे जाईल आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतील. चित्रातच कोरा. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीचा टेक्स्ट इंजिन वेगळा निवडावा लागतो, मूळ निवडीवर ठेवलात तर तिथेही तेच होतं. जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा.

फाँट मुक्ता किंवा नोटो सान्स, मध्यम जाडी, १०८० मध्ये ५० पिक्सेलच्या आसपास. ओळींमधलं अंतर दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा भिडतात. एका वेळी दोनच ओळी. काळोख्या कामात शुभ्र पांढरा नको, ८० टक्के करडा पुरतो. शुभ्र अक्षरं खोली उजळवतात.

---

गच्चीवरचा

गच्चीच्या खेळाबद्दल. मुंबईत खारच्या चुईम गावठाणात 'कॅम्प' या कलाकारांच्या स्टुडिओच्या गच्चीवर वर्षानुवर्षं खेळ होत आलेत, तेव्हा कल्पना नवी नाही आणि अवघडही नाही. पण मांडववाला 'एलईडी वॉल देतो, एकदम झकास' म्हणेल त्याला आधी पिक्सेल पिच (दोन ठिपक्यांमधलं अंतर) विचारा. ३.९ मिमी पिचची ५०० मिमीची पेटी १२८ पिक्सेलची असते. सहा पेट्या रांगेत लावल्या, ३ मीटर रुंदी झाली, पिक्सेल फक्त ७६८. सबटायटल गेलंच. शिवाय ही भिंत दिवसाउजेडासाठी बनलेली. रात्री ब्राइटनेस १० टक्क्यांवर आणला की अंधाराच्या छटा नाहीशा होतात आणि तुमचं रात्रीचं काम काळ्या ठिपक्यांचं होतं. मिरवणुकीला ती ठीक.

गच्चीवर प्रोजेक्टर आणि पांढरं कापडच बरं. कापड चारही बाजूंनी आयलेट मारून, पाइपच्या चौकटीत इलॅस्टिकने ताणलेलं. सुतळीने घट्ट बांधलेलं कापड वाऱ्यात शिडासारखं फुगतं आणि चौकट उचलतं. चौकटीच्या पायांवर वाळूची पोती. मेमध्ये मुंबईकडे सूर्य सातनंतर मावळतो, पुरेसा अंधार पावणेआठला. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा नियम आहेच, म्हणजे हातात सव्वादोन तास.

जनरेटर असेल तर प्रोजेक्टर आणि प्लेअर यूपीएसवर घ्या, १ केव्हीए पुरतो. ॲम्प्लिफायर आणि प्लेअर एकाच स्पाइक बोर्डवर ठेवा. वेगळ्या अर्थिंगवर असले की घूं असा आवाज सुरू होतो आणि लोक उगाच तारा बदलत बसतात.

---

मधली_फ्रेम

कागदपत्रांचं थोडक्यात. दालनातला दहा दिवसांचा वापर, एका संध्याकाळचा खेळ आणि जालावरचा काळ ही तीन वेगळी परवानगीपत्रं. १९७१ मध्ये सुरू झालेली न्यूयॉर्कची इलेक्ट्रॉनिक आर्ट्स इंटरमिक्स आणि १९७६ मध्ये सुरू झालेली शिकागोची व्हिडिओ डेटा बँक व्हिडिओ आर्टचं वितरण करतात, त्यांच्याकडे खेळाचं भाडं आणि प्रदर्शनाचं भाडं वेगळं असतं. आपणही तसंच लिहा: कुठे, कधीपासून कधीपर्यंत, किती वेळा, संपल्यावर प्रत पुसायची की परत करायची, मानधन किती. 'प्रसिद्धी मिळेल' हे मानधन नव्हे.

काम विकत घेतलेल्याकडून आणत असाल तर लक्षात घ्या की व्हिडिओ बहुधा तीन किंवा पाचच्या आवृत्तीत विकला जातो, वर कलाकाराच्या एक-दोन प्रती. विकत घेणाऱ्याकडे प्रमाणपत्र आणि मूळ फाइल असते, पण जालावर टाकायचा हक्क त्यातून आपोआप येत नाही. पार्श्वभूमीला सिनेमाचं गाणं वाजत असेल तर तो आणखी वेगळा हक्क.

जाहीर खेळाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. महोत्सव कलम ९ खाली माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतात. गच्चीवर तिकीट लावणार असाल तर वकिलाला आधी विचारा.

---

दुवा_जिवंत

जालावरचं. अ साठी ठरावीक मुदतीचा पासवर्डवाला दुवा द्या. आठवडाभर पुरे, मुदत असली की लोक बघतात. फाइल १०८०, ८ ते १० एमबीपीएस. पण काळोख्या कामाला कुठलीही साइट स्वतः पुन्हा दाबते, म्हणून मूळ प्रत शक्य तितकी चांगली चढवा. स्वतःच्या पानावर आपोआप सुरू होणारा व्हिडिओ ठेवणार असाल तर ब्राउझर तो आवाज बंद असेल तरच सुरू करतात. अ मध्ये आवाज महत्त्वाचा आहे, तेव्हा 'सुरू करा' असं बटण द्या आणि 'हेडफोन लावा' असं लिहा.

ब जालावर टाकू नका. तीन चित्रं एका फोनवर बोटाएवढी होतात. हवी तर दालनातल्या मांडणीची दोन मिनिटांची नोंद टाका, 'नोंद' असं स्पष्ट लिहून.

क सारख्या जुन्या कामासाठी पॅड.मा बघाच. २००८ पासूनचा मुंबईशी जोडलेला हा संग्रह आहे, पॅन.डो/रा या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो. तिथे व्हिडिओच्या प्रत्येक सेकंदाला टीप, लिप्यंतर, स्थळ जोडता येतं. म्हणजे २००३ मधल्या त्या नाक्यावर आता काय आहे हे तिथेच लिहिता येईल. बघणं, वाचणं आणि शोधणं एकाच जागी. प्रदर्शनानंतर कामाचं आयुष्य वाढवायचं असेल तर यूट्यूबपेक्षा हे कितीतरी पटींनी बरं, प्रेक्षक कमी असले तरी.

मूळ प्रती: प्रोरेस ४२२ एचक्यू (संपादनासाठीचा, कमी दाबलेला प्रकार), १०८०-२५ ला साधारण तासाला ८३ जीबी. दोन ड्राइव्हवर, दोन वेगळ्या इमारतींत. सोबत चेकसमची (फाइल बदलली का हे ओळखायच्या आकड्याची) फाइल. नाहीतर पाच वर्षांनी कुठली प्रत शाबूत आहे हे कळायला मार्ग नाही.

---

पडदापुराण

सगळ्यांचे आभार, यादी तयार होतेय. एक अडचण: दालनवाले खिडकीच्या चौकटीला खिळा ठोकू देत नाहीत, भिंतीला डिंक-टेपही नको म्हणतात. मग ब्लॅकआउट कसं करू?

---

लक्स_लुमेन

खिडकीच्या मापाचा ६ मिमी प्लाय, चारही बाजूंनी अर्धा इंच लहान कापलेला. कडांना दारं-खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी, प्लायलाच चिकटवायची, भिंतीला नाही. चौकटीत दाबून बसवला की फोम धरून ठेवतो. खिडकी चार फुटांपेक्षा उंच असेल तर प्लायचे दोन तुकडे करा आणि सांध्यावर प्लायलाच मागून काळी पट्टी मारा. आतली बाजू काळी रंगवा, बाहेरची पांढरी, नाहीतर दुपारच्या उन्हात प्लाय तापून वाकतो आणि कडेने उजेड येतो. वरच्या कोपऱ्यात दोरीचा एक फास ठेवा, काढताना बोटं शिरत नाहीत. प्रोजेक्टरमुळे खोली तापेल, तेव्हा समोरच्या बाजूला एक्झॉस्ट फॅन असेल तर त्याला काळ्या खोक्याचं वळण देऊन चालू ठेवा. हवा वळते, उजेड वळत नाही.